खापरावरचा आलेख

निवृत्त माणसाने संगणकाच्या नादी लागू नये, असे एखादे सुभाषित संस्कृतात नाही, याचे कारण एवढेच की ती सुभाषिते रचणाऱ्यांना पेन्शन नव्हती. मला ती आहे. शिवाय पुण्याच्या मुलाने 'बाबा, जुना पडलाय, तुम्हाला चालेल' असे म्हणून दिलेला एक लॅपटॉप आहे. घरात नवी वस्तू आली की मी तिला भीतभीत हात लावतो. जुनी आली की ती आपल्याच वयाची वाटते आणि भीड चेपते.

जळगावच्या एका बँकेत मी छत्तीस वर्षे आकडे मांडले. खातेवहीतला आकडा हा मोठा सालस प्राणी. तो रकान्यात बसतो, बेरजेला येतो आणि सायंकाळी ताळा जमला की निमूट झोपतो. त्याला लांबी असते, रुंदी असते. उंची मात्र नसते. आमच्या शाखेत उंची फक्त मॅनेजरच्या आवाजाला होती. स्प्रेडशीट हा प्रकार मला आवडला तो यामुळेच. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिसिकॅल्क नावाची पहिली संगणकी खातेवही बाजारात आणली. हार्वर्डमध्ये शिकताना ब्रिकलिनला दिसले, की फळ्यावरचा एक आकडा चुकला की मास्तरांना त्यापुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते. या गोष्टीची त्याला दया आली. आमच्याकडे ३१ मार्चला रात्री साडेअकरा वाजता हेच होत असे. पण आम्हाला दया न येता चहा येत असे. शोध लागतात ते असल्या फरकांमुळे.

तर माझे आणि स्प्रेडशीटचे बरे चालले होते. दूधवाला, पेपरवाला, सौभाग्यवतींची भिशी, सगळे रकान्यात बसले होते. एवढ्यात चैत्रात दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. फैजपूरजवळ आमची वडिलोपार्जित केळीची शेती आहे, ती तेच बघतात. फैजपूर म्हटले की जुन्या माणसांना १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या अधिवेशनाला प्यायचे पाणी आमच्याच विहिरीवरून गेले, असे आमचे आजोबा सांगत. पुढे मला असे सांगणारी निदान चाळीस घरे यावल तालुक्यात भेटली. पुढारी थोडे होते की विहिरी फार होत्या, कोण जाणे. पण त्या काळी विहिरीला पाणी होते, एवढे या चाळीस घरांच्या साक्षीने सिद्ध होते.

"पाचवी बोअर मारतो," दादा म्हणाला. "तुझ्या वाट्याचे एक लाख पाठव."

"चार आहेत ना?"

"त्या वरच्या मळ्यातल्या आबानं दोन साल झाले खोल बोअर मारली. त्याचं पाणी दोनशे चाळीस फुटांवर, आपलं दोनशे अठ्ठावीसवर. पाणी खोलाकडं जातं, का नाही? आपलं सगळं पाणी तो ओढून राहिला! आता मी त्याच्याहून खोल जातो."

आबा आणि दादा एका बाकावर शिकले. पोहायला शिकले तेही आमच्याच विहिरीत, एकाच भोपळ्यावर. त्या दोघांत आठ वर्षे बोलणे नव्हते. बांधावर समोरासमोर आले तर दोघेही केळीच्या पानांकडे अशा एकाग्रतेने पाहत, की एखाद्या कृषिशास्त्रज्ञाला लाज वाटावी.

एक लाखाचा आकडा ऐकल्यावर माझ्यातला कॅशियर जागा झाला. चेक लिहिण्यापूर्वी खाते तपासावे, ही आमची शिकवण. म्हटले, आजूबाजूच्या नऊ बोअरच्या पाण्याची खोली मागवावी आणि जमिनीच्या पोटातले चित्र काढावे. वर जमिनीची चादर, खाली पाण्याची चादर. दोन चादरी एकाच चित्रात दिसल्या की कोण कोणाचे पाणी ओढतो, हे दादाला डोळ्यांनी दिसेल. विचार इतका सोपा होता, की त्यात काही अडचण असेल अशी शंकाच आली नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या अडचणी अशाच सोप्या विचारांतून निघालेल्या आहेत.

स्प्रेडशीटमध्ये पृष्ठभागाचा आलेख असतो. चौकटीत आकडे भरा, बटण दाबा, की उंचसखल चादर अंथरली जाते. तिला फक्त चौकटी लागतात. आता शेतकरी बोअर मारतो तो पाणाड्या सांगेल तिथे. तिनाच्या ओळीत तीन, अशा फुली-गोळ्याच्या खेळासारख्या चौकटी पाहून मारत नाही. आणि हा आलेखही असा सरळमार्गी, की दोन बोअरमध्ये शंभर फूट अंतर असो की हजार, तो त्यांना सारख्याच अंतरावर उभे करतो. तरी कागदावर चौकोन आखून, मधले आकडे अंदाजाने भरून, मी जमीन काढली. सुरेख आली. उत्तरेला सातपुड्याच्या बाजूने उंच, दक्षिणेला तापीकडे उतरती. सौभाग्यवतींना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, "इस्त्री करायला हवी."

मग खाली पाण्याचा तक्ता जोडला आणि बटण दाबले. पाणी जमिनीच्या खाली न जाता जमिनीच्या मागे जाऊन बसले! म्हणजे आमचे शेत जिथे संपते तिथून एकदम दोनशे फूट खोल कडा, आणि त्या कड्याच्या पायथ्याशी पाणी. फैजपुराला पाहता पाहता समुद्रकिनारा आला. दोन तास डोके खाजवल्यावर उलगडा झाला. या आलेखाला दोन पृष्ठभाग ही कल्पनाच ठाऊक नाही. तुम्ही दुसरा तक्ता दिलात की तो पहिल्याच्याच पुढच्या ओळी समजतो आणि त्याच चादरीला शिवून टाकतो. रंग वेगळे करावेत म्हटले, तर ते उंचीप्रमाणे पडतात. जमीन कुठली नि पाणी कुठले, याच्याशी रंगांना कर्तव्य नाही. शेवटी एका चादरीवर दुसऱ्या जातीचा आलेख चढवावा म्हटले, तर पडद्यावर सूचना आली: हे प्रकार एकमेकांशी जोडता येत नाहीत. आपण फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला खिडकीतून छत्तीस वर्षे काय म्हणत होतो, ते त्या दिवशी मला बाहेरच्या बाजूने ऐकू आले.

अशा वेळी आमच्या घराण्यात धुळ्याला जायची पद्धत आहे. धुळ्याला ताई असते आणि ताईकडे दाजी असतात. दाजी पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचा स्वभाव कालव्यासारखा. एकदा सुटले की शेवटच्या शेतापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाहीत.

एरंडोल, पारोळा करीत एस.टी. निघाली. मांडीवर आलेखाचा छापील कागद होता. पारोळ्याला शेजारी बसलेले एक फेटेवाले बाबा बराच वेळ त्यात डोकावून म्हणाले, "हाई काय शे?"

म्हटले, "जमिनीखालचं पाणी."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हाऊ ते डोंगर शे," असे म्हणून ते झोपले. तज्ज्ञांचे इतके स्पष्ट मत मला नंतर कोणी दिले नाही.

धुळे हे गाव मला स्प्रेडशीटसारखे वाटते. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने खानदेशाचे ठाणे इथे केले आणि नवी पेठ आखली. सरळ रस्ते आणि क्रमांकाच्या गल्ल्या. 'गल्ली नंबर चार, उजव्या हाताचं तिसरं घर' हा पत्ता म्हणजे रकाना आणि ओळ यांचाच पत्ता. जळगावात असे नाही. जळगावात पत्ता सांगताना निदान एका सोनाराची आणि एका रसवंतीची मदत घ्यावी लागते.

दाजींनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. हे त्यांचे अशुभ लक्षण.

"तुम्ही खोली कुठून मोजली?"

"जमिनीपासून."

"कोणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या."

"मग झालंच! तुम्ही बँकेत डॉलर आणि रुपये एकाच रकान्यात बेरजेला घेत होतात काय? आबाचा मळा वर आहे ना? त्याची जमीनच तुमच्यापेक्षा उंच. त्याचे दोनशे चाळीस फूट त्याच्या जमिनीपासून, तुमचे दोनशे अठ्ठावीस तुमच्या. आधी सगळे एका पातळीवर आणा. लेव्हल घ्या, लेव्हल!"

मग अपेक्षेप्रमाणे विश्वेश्वरय्या आले. धुळ्याच्या इंजिनियरशी पाण्यावर बोलताना विश्वेश्वरय्या टाळता येत नाहीत. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेल्या त्या तरुण इंजिनियरची सुरुवातीची नेमणूक इकडेच झाली, आणि पांझरेच्या एका पाटाचे पाणी पार न्यायला त्यांनी नळाचा सायफन बांधला. "वरून ओढा, खालून पाट," दाजी दोन तळहात एकावर एक धरून म्हणाले. "दोन पाणी, एकावर एक, आणि एकमेकांत मिसळत नाहीत. त्या माणसाला हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जमलं, आणि तुमच्या यंत्राला दोन चादरी एकावर एक घालता येत नाहीत?"

ताई म्हणाली, "आधी जेवून घ्या." शेवभाजी होती. तिच्या तिखटाने माझे कान उघडले आणि दाजींचे पुढचे बोलणे थेट आत गेले.

त्यांचे म्हणणे असे. पृष्ठभागाचा आलेख सोडूनच द्या. कागद सपाट, पडदा सपाट. त्यावर उंची दिसते ती डोळ्याची फसवणूक. ती फसवणूक यंत्रावर न सोपवता आपणच करावी. प्रत्येक बिंदूला तीन आकडे असतात: पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती आणि वर किती. शेताकडे कुठून पाहायचे तो एक कोन ठरवा आणि किती उंचावरून पाहायचे तो दुसरा. ज्या-कोज्यांनी गुणून तीन आकड्यांचे दोन करा: कागदावर आडवे किती, उभे किती. झाली सावली! मग ते दोन आकडे साध्या बिंदूंच्या आलेखात टाका आणि रेघांनी जोडा. एक ओळ संपली की एक घर रिकामे सोडा, म्हणजे रेघ तिथे तुटते. जमिनीची जाळी तपकिरी, पाण्याची निळी. साध्या आलेखात पाहिजे तितक्या जाळ्या मावतात. त्याला त्या जाळ्या आहेत हेच कळत नाही, त्यामुळे तो हरकतही घेत नाही.

"पण मग पुढची जाळी मागचीला झाकणार नाही," मी म्हटले. "सगळं आरपार दिसेल."

"तुम्हाला जमिनीखालचं पाणी बघायचंय ना?" दाजी म्हणाले. "मग जमीन आरपार दिसणं ही सोय आहे की गैरसोय?"

मी रात्री बसून सूत्रे लिहिली. कोन तीस अंश घेतला. बटण दाबले तर सातपुडा तापीत आणि पाणी आकाशात! तिसाची ज्या अर्धा यायची, ती उणे ०.९८८ आली होती. दाजींनी पाहून कपाळाला हात लावला. यंत्र अंश ओळखत नाही. ते रेडियन नावाच्या मापात मोजते आणि एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश. मी तीस रेडियन, म्हणजे जवळजवळ पावणेपाच गिरक्या घेऊन शेताकडे पाहत होतो. इतक्या गिरक्या घेतल्यावर कोणाचेही पाणी आकाशात जाईल. अंशांचे रेडियन करून घेतले, आणि शेत जमिनीवर आले.

पुढच्या आठवड्यात दाजी ओळखीच्या ओव्हरसियरकडून लेव्हलचे यंत्र घेऊन फैजपूरला आले. नऊही बोअर एकाच फीडरवर. त्यामुळे वीज गेली की सगळे पंप एकदम बंद. ती पहाटेपर्यंत गेलेली होती. आयुष्यात प्रथमच मला वीज नसल्याचा आनंद झाला. पाणी स्थिर होते तोवर नऊ ठिकाणी खोली मोजली. आबांच्या मळ्यात मी एकटाच गेलो. ते काही बोलले नाहीत. पण बोअरचे झाकण स्वतः काढून दिले आणि मोजून होईपर्यंत कंदील धरून उभे राहिले.

आकडे एका पातळीवर आणले. आमची जमीन शून्य धरली, तर आबांची २२ फूट वर. त्यांचे पाणी २४० फूट खोल, म्हणजे आमच्या जमिनीपासून २१८ फूट खाली. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याची जमीन १५ फूट उतरती, पाणी २०४ फुटांवर, म्हणजे २१९. आणि आमचे? २२८.

निळ्या जाळीत मधोमध एक खळगा पडला होता. आणि त्याच्या बरोबर वर, तपकिरी जाळीत, आमच्या चार बोअर होत्या. आबा आमचे पाणी ओढत नव्हते. आम्हीच आबांचे ओढत होतो.

मी हे चित्र घेऊन आखाजीला गावी गेलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीच्या खालोखाल हाच सण. सालदाराचे साल याच दिवशी बदलते, पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि घरोघर खापरावरचे मांडे होतात. दादाने चित्र पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "कागदावर पाणी सगळेच दाखवतात. काढून दाखव." आणि बाहेर जाऊन बसला.

वहिनी घागरीची पूजा मांडत होती. वडिलांच्या नावाची घागर भरायची म्हणून त्यांची ट्रंक उघडली, तर त्यात एक गाठी मारलेला दोर आणि त्यांची वही निघाली. वडील दर आखाजीला, साल बदलताना, आसपासच्या सात विहिरींचे पाणी मोजत. त्यावरून पुढल्या वर्षी केळी किती लावायची ते ठरे. पाणी मोजायचे परसात. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. पण पुरुष कोणता? दाजी जागच्या जागी उठले आणि दोराच्या गाठी मोजू लागले. साडेसहा फुटांवर एक गाठ. वडील उंचीने बेताचेच होते.

वहीत १९८६ ची आखाजी होती. 'आपली: सहा परस. वरचा मळा: सात परस.'

सहा परस म्हणजे ३९ फूट. मी तिथेच ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि तिसरी जाळी टाकली. वर तपकिरी जमीन. तिच्या लगेच खाली, जवळजवळ चिकटून, वडिलांचे पाणी. आणि मग नुसती पांढरी पोकळी. कितीतरी खाली, पडद्याच्या तळाशी, आमचे निळे पाणी. दोन्हींत १८९ फुटांचे अंतर. ताळेबंदाचा माणूस मी. शिल्लक कुठे गेली हे कळायला मला वेळ लागला नाही.

दादा आत आला तो माझ्या मागे कधी उभा राहिला, कळले नाही. त्याने बोट निळ्या जाळीवर ठेवले, मग वर वडिलांच्या जाळीपर्यंत नेले. हळूहळू, दोर ओढून घ्यावा तसे.

तेवढ्यात वहिनीने चुलीवरच्या पालथ्या खापरावरून मांडा उचलला. पापुद्रे उलगडून दाखवत म्हणाली, "हे वरलं पान म्हंजे सासऱ्याईचं पानी. आन् हे खालचं तुमचं. मंधातलं पुरन कोनं खाल्लं, ते लिव्हा ना तुमच्या मशीनीत!"

कोणी काही बोलले नाही. दाजींनी चष्मा काढला आणि पुसून परत घातला. दादाने डब्यात चार मांडे घालायला सांगितले, आमरसाचे पातेले उचलले आणि बांधाच्या दिशेने चालू लागला. आठ वर्षे केळीची पाने न्याहाळल्यामुळे त्याला वाट पाठ होती.

पाचवी बोअर झाली नाही. माझे एक लाख वाचले असे मी म्हणणार होतो. पण ते जुन्या विहिरीच्या पुनर्भरणात गेले. पावसाळ्यात नाल्याचे पाणी गोटे-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे, असा दाजींचा आराखडा आहे, आणि त्याला त्यांनी विश्वेश्वरय्यांचा आशीर्वाद असल्याचे सांगितले आहे. खर्चात आबांचा निम्मा वाटा. दोघे मित्र आता पंप आळीपाळीने चालवतात, आणि पंप कोणाचा किती मिनिटे जास्त चालला यावर रोज भांडतात. म्हणजे बोलणे पूर्ववत सुरू झाले आहे.

परवा आबांचा मला फोन आला. म्हणाले, "ते चित्र पाह्यलं. झकास आहे. पण निळा रंग आमच्या बाजूला जरा फिका वाटतो, तेवढा गडद करता येईल का?"

म्हटले, "आबा, ते पुढच्या आखाजीला दोर टाकून ठरवू."